पदराच्या गाठीतला सेल

आमच्या घरी कंप्युटर आला तो माझ्या अपमानासकटच आला. दोन्ही एकाच जीपमधून उतरले आणि आणणारा माणूसही एकच होता. त्या माणसाचं नाव मी या पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही. माझं हस्तलिखित वाचून एका जुन्या मैत्रिणीनं विचारलं, "मालन, गल्लीतल्या कुत्र्याचंसुद्धा नाव आलंय, मग यांचंच कसं राहिलं?" राहिलं नाही, मी ठेवलं. ज्याला आपलं नाव आणि आपला कोटातला फोटो तालुक्यातल्या प्रत्येक कंप्युटरवर हवा होता, त्याचं नाव माझ्या पुस्तकात नसावं, एवढा सूड माझ्याकडं अजून शिल्लक आहे. मी त्यांना नुसतं सर म्हणणार आहे, कारण तेव्हा सगळेच म्हणायचे.

आमचं घर विट्यापासून आत, फाट्यावर एसटी सोडून अर्धा तास चालत गेलं की लागायचं. पुढं पत्र्याची पडवी, मागं काट्याचं कुंपण आणि कुंपणात मेंढरं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी कळप मोठा होता आणि दिवाळी झाली की तो घेऊन ते कृष्णाकाठाला उतरायचे. माझ्या आठवणीत मात्र तीस-चाळीसच मेंढरं आणि जोडीला थोडी बाजरी, थोडे हुलगे. मेंढरं माणसासारखी खोकतात हे शहरातल्या माणसांना माहीत नसतं. आमच्याकडं पाव्हणा आला की पहिल्या रात्री विचारायचा, "घरात कोण आजारी हाय का?" सकाळी आईची भाकरी थापण्याचा आवाज, मागं ते खोकणं, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटतंय, आणि या सगळ्यावर ओल्या लोकरीचा वास. या घरात कंप्युटर यायचं कारण म्हणजे माझा मामा. तो लांब दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात होता. मी बारावीला शाळेत पहिली आले तेव्हा त्यानं फोनवरून जाहीर केलं, "मालनला कंप्युटर घ्यायचा, सगळा खर्च माझा." आबांनी कंप्युटर कधी बघितला नव्हता, पण मेव्हण्याचा शब्द होता. तालुक्यात कंप्युटर म्हटलं की सर. क्लास त्यांचा, मशीन जोडून देणारे ते, बिघडलं तर येणारेही तेच.

त्या दिवशी आईनं पडवीतलं टेबल शेणानं सारवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. टेबलावर नवं काळं घोंगडं अंथरलं, त्यावर पांढरी चादर. आबांनी बोकड कापला. सर दुपारी आले, चपला काढून आत आले आणि खोकी उघडून एकेक वस्तू मांडायला लागले. मी बाजूला उभी राहून वायरी कुठून कुठं जातात ते डोक्यात भरून घेत होते. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि थांबली. सरांनी डावा हात आडवा धरला, जसं वाऱ्यात दिव्याला आडोसा करतात तसा, आणि त्याच्या आड उजव्या हातानं काहीतरी टाकलं. मग रंग आले, आवाज आला, आणि पडद्यावर सरांचा फोटो उगवला. कोट, टाय, हाताची घडी, खाली क्लासचं नाव. आईनं आपसूक हात जोडले.

सर जेवायला बसले. रस्सा तीनदा मागून घेतला. मी हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी राहिले आणि तेव्हाच विचारलं, "सर, पासवर्ड काय हाय?" त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आबांकडं बघून म्हणाले, "आबा, पासवर्ड मी ठेवतो. पोरं बिघडवत्यात. आणि खरं सांगू का, मेंढरं राखायच्या हातात माऊस काय टिकायचा न्हाई. उद्या हिला बघायला पाव्हणं येतील, तवा घरात कंप्युटर हाय एवढं दाखवा, लय झालं." आणि हसले. मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. आणि मग आबाही हसले.

आबांच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. मोठा माणूस आपल्या घरी जेवून हसतोय, तर आपणही हसावं, एवढंच. पण त्या वेळी सरांचं बोलणं मला हातभर लागलं असेल, तर आबांचं हसणं काळजात गेलं. मी तांब्या खाली ठेवला आणि मेंढरांत जाऊन बसले. तिथं मी रडले नाही. मी मनात ठरवलं की या माणसाला मी सोडायची नाही. अठरा वर्षांच्या पोरीनं असं ठरवावं का, असं आता मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, अवश्य ठरवावं.

कंप्युटर पहिल्या दिवशी तीन तास चालला. मग लाईट गेली. लाईट आली तेव्हा काळ्या पडद्यावर तीच चौकट, आणि तिला हवा होता पासवर्ड. आमच्याकडं लाईट रोज जायची, आणि लाईट गेली की पुन्हा सर. त्यांना निरोप धाडायचा, ते सवडीनं येणार, जेवणार, हाताचा आडोसा करणार, मशीन सुरू करून जाणार. नंतर कळलं की तालुक्यात सगळीकडं हाच प्रकार होता. दूध डेअरीत, पतसंस्थेत, शाळेत, जिथं जिथं सरांनी मशीन दिलं तिथं किल्ली सरांच्या खिशात. लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. सर म्हणायचे व्हायरस शिरतो, आणि लोक मान हलवायचे. आमचा कंप्युटर आईनं शिवलेल्या फुलाफुलांच्या झाकणाखाली गप्प बसून राहिला. आबा एकदा म्हणाले, "पडून खराब हुण्यापरास सरांच्या क्लासला दिऊन टाकू का? दसऱ्याला येणार हायत, तवा बोलतो." म्हणजे माझ्याकडं दसऱ्यापर्यंतचाच वेळ होता.

मी तोपर्यंत सांगलीत कॉलेजला लागले होते, आत्याकडं राहत होते. तिथं वर्गात नसीमा भेटली. तिच्या अब्बांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि ती त्यांच्या मांडीवर बसून तारांना कथलाचा डाग द्यायला शिकलेली. मी तिला सगळं सांगितलं, रश्श्यासकट. ती मला उठवून थेट दुकानात घेऊन गेली. अब्बांनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, वो पासवर्ड मशीन के अंदर एक सेल के ऊपर जिंदा रहता. घड्याळाच्या सेलसारखा सेल. निकाल के पाच मिनिट रख. मशीन सब भूल जाता." मग एका मोडक्या बोर्डावर त्यांनी तो सेल कुठं असतो ते दाखवलं आणि मला तीनदा काढायला-घालायला लावला. जाताना एक स्क्रू ड्रायव्हर दिला. तो अजून माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे.

पण सेल काढून भागणार नव्हतं. आत पडद्यावर तो फोटो होता, आतही सरांचाच दुसरा पासवर्ड होता. मला ते सगळं पुसून नवीन घालायचं होतं. नवीन म्हणजे काय घालायचं, यावर नसीमाचं आणि माझं आठवडाभर वाजलं. तिच्या चुलतभावाकडून विंडोजची एक सीडी मिळाली होती. दुसरी सीडी एका कंप्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेली, लिनक्सची; तेही विंडोजसारखंच मशीन चालवणारं. नसीमाचं म्हणणं, "हेच घाल. हे कुणा एकाचं न्हाई. आतलं सगळं उघडून बघता येतं, कुणी किल्ली खिशात घालून फिरत न्हाई. तुझ्या भांडणाला हेच बरोबर आहे." मला ते पटत होतं, पण भीती वाटत होती. सगळ्या जगात जे आहे ते माझ्याकडं नसलं तर लोक म्हणणार, मेंढरवाल्यांचं काहीतरी वेगळंच. मला सरांच्या मशीनवर सरांच्याच वस्तूनं मात करायची होती. "विंडोजच घालणार," मी म्हणाले. ती म्हणाली, "घाल. पण दोन्ही ने."

अष्टमीला संध्याकाळी घरी पोचले. मासिक वाचत वाचत उशाखाली ठेवून झोपले. सकाळी उठते तर आईची पूजा मांडून झालेली. खंडेनवमी होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. विळे, खुरपी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, आबांची काठी, सगळं धुऊन पाटावर ओळीनं मांडलेलं, आणि टेबलावर कंप्युटरला झेंडूची माळ. हे ठीकच होतं. पण पाटाच्या मधोमध माझी विंडोजची सीडी होती. आईला ती माझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात सापडली होती. कंप्युटरचंच काहीतरी हाय, मग तेबी पूजेला, असं म्हणून तिनं चकचकीत बाजू वर केली, कारण देवापुढं तोंड चांगलं असावं, आणि तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाची पाच बोटं त्यावर ओढली. वर तांदूळ आणि एक सुपारी. मी ओरडणार होते. पण नवमीला पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. ते दसऱ्याला हलवायचं. दिवसभर मी त्या सीडीकडं आणि तिच्यावरच्या सुपारीकडं बघत बसून राहिले.

दसऱ्याला आबा पालखीला गावात गेले. येताना ते सरांना घेऊनच येणार होते. सण म्हणून लाईट जाणार नव्हती. मी पूजा हलवली, सीडी पदरानं पुसली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता अडवणार. ती म्हणाली, "काय करतीस?" मी म्हणाले, "सरांचा पासवर्ड काढतीया." आईनं बाहेर एकदा बघून घेतलं. मग दाराला कडी घालून माझ्याजवळ येऊन बसली. "त्येनं माज्या हातचा रस्सा तीनदा मागून घेतला," ती म्हणाली, "आन् माज्याच पोरीला बोलला. मी चुलीम्होरं बसून सगळं ऐकलंय. काढ." इतके महिने ती एका शब्दानं बोलली नव्हती. माझ्या घरात राग फक्त मलाच आलाय असं मी समजत होते.

मी झाकण उघडलं. आत धूळ आणि हिरवा बोर्ड, आणि अब्बांनी दाखवलेल्या जागी तो चकचकीत सेल. नखानं उचलून काढला. ठेवायचा कुठं, तर आईनं हात पुढं केला, पदराच्या टोकाला सेल बांधला आणि गाठ मारली. "किती येळ?" "पाच मिनिटं." भिंतीवरच्या घड्याळाखाली आम्ही दोघी बसलो. मागं मेंढरू खोकलं तरी दचकत होतो. पाचाची दहा मिनिटं झाली तेव्हा आईनं गाठ सोडली. सेल बसवला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार आली, तारीख पार मागं गेली होती, पण ती चौकट काही आली नाही. "इसरला?" आईनं विचारलं. "इसरला," मी म्हणाले. "बरं झालं," आई म्हणाली, "आपुन न्हाई इसरलो म्हंजे झालं."

मग मी घाई केली. राग असला की हात पुढं जातात. सीडी घातली, मशीननं विचारलं की डिस्कवरचं सगळं पुसायचं का, आणि मी अशा ताकदीनं बटण दाबलं की कीबोर्ड हलला. फोटो गेला, कोट गेला, क्लास गेला. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. मग मशीन सीडी वाचायला लागलं. घर्र, घर्र, थांबलं. पुन्हा घर्र. शेवटी पडद्यावर आलं की फाईल वाचता येत नाही. मी सीडी बाहेर काढून उजेडात धरली. पदरानं पुसताना तेलातलं कुंकू गोल फिरलं होतं आणि तांदळाचे चरे उठले होते. साबणानं धुतली, परत घातली. परत तेच. आता मशीनमध्ये सरांचं काही नव्हतं आणि माझंही काही नव्हतं, आणि गावात पालखी परत फिरल्याचा ढोल ऐकू येत होता. सर येणार, बटण दाबणार, काळा पडदा बघणार, आणि आबांकडं बघून तेच हसणार. मी आईवर ओरडले. जे बोलू नये ते बोलले. "कुणी सांगितलं हुतं तुला कुंकू लावायला?" आईचं तोंड एवढंसं झालं. तिनं फक्त विचारलं, "दुसरी न्हाई का गं?"

दुसरी उशाखालच्या मासिकातच होती. पूजेतून सुटलेली. माझ्या घरात लिनक्स आलं ते असं. मी विचार करून निवडलं असं मी नंतर अनेक ठिकाणी सांगितलं आहे, शाळांमधून भाषणंही केली आहेत, ती सगळी खोटी. आईच्या कुंकवानं निवडलं. सीडी गपचूप फिरली, एकदाही घरघरली नाही. प्रश्न इंग्रजीत होते, मी शब्दकोश मांडीवर घेऊन उत्तरं देत होते, आणि आई प्रत्येक उत्तराला "बरुबर हाय न्हवं?" म्हणत होती. दोन तासांनी शेवटचा प्रश्न आला. नाव काय, पासवर्ड काय. नाव मी मालन घातलं. पासवर्डाला हात थांबला तेव्हा आई म्हणाली, "मलाबी सांग." तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून एकेक बटणावर ठेवलं, सहा वेळा, मग तिनं एकटीनं सहा वेळा. भाकरी थापणारं बोट होतं, जोरात पडायचं.

गावात सोनं वाटून दिवस मावळता आबा सरांना घेऊन आले तेव्हा कंप्युटर बंद होता. सर म्हणाले, "बघू, चालू करून देतो, सणाचं." बटण दाबलं. नवीनच पडदा आला आणि त्यावर विचारणा झाली. सरांनी हाताचा आडोसा करून आपला पासवर्ड टाकला. नाही चालला. परत टाकला. तिसऱ्यांदा आडोसा करायचंही विसरले. आई चुलीजवळून उठली, हात पदराला पुसले, म्हणाली, "सरका वाईच," आणि उभ्या उभ्या एका बोटानं सहा बटणं दाबली. कंप्युटर उघडला. त्या सहा बटणांचा आवाज मी आजही डोळे मिटून ऐकू शकते. सर म्हणाले, "हे काय घातलंय? यात प्रिंटर चालत न्हाई, मराठी चालत न्हाई." त्यात ते खरे होते, प्रिंटर चालवायला मला पुढं दीड महिना लागला. पण त्या दिवशी त्यांना आमच्याकडं कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही. ते गेल्यावर आबा म्हणाले, "मलाबी सांग की गं काय हाय ते." मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तुमी त्या दिवशी हसला हुता." आबांनी मान खाली घातली. पुढं त्यांना अनेकदा कंप्युटर लागला, दर वेळी ते आईला हाक मारायचे. मरेपर्यंत त्यांना तो पासवर्ड आम्ही सांगितला नाही. याचं मला कधीकधी वाईट वाटतं, आईला मात्र शेवटपर्यंत वाटलं नाही.

इथं थांबायला हवं होतं असं भली माणसं म्हणतील. मी थांबले नाही. सर तालुकाभर सांगत फिरले की धनगराच्या पोरीनं चांगलं मशीन नासवलं, आणि मी सुट्टी लागली की स्क्रू ड्रायव्हर घेऊन एसटीत बसायची. आधी दूध डेअरी, मग शाळा, मग पलूसकडची दोन गावं. मी काही मागत नव्हते. माझी अट एकच, सरांचा फोटो मी पुसणार, आणि नवीन पासवर्ड घरातल्या नाहीतर ऑफिसातल्या बाईला सांगणार. कुणाला विंडोज हवं तर विंडोज ठेवलं. मला त्याचं काही नव्हतं. दोन वर्षांत सरांना बोलावणं बंद झालं. मग क्लासची पाटी उतरली. ते साताऱ्याकडं गेले असं कळलं तेव्हा मी पेढे आणले. खरंच आणले. आईनं विचारलं कसले, मी सांगितलं, तिनं दोन खाल्ले.

पुढं माझंही लग्न होऊन मी साताऱ्यात आले, इथंच दुकान टाकलं, पन्नाशीला टेकले. सर याच गावात आहेत हे मला ठाऊक होतं. मी कधी शोधायला गेले नाही. माझा हिशेब संपलाय असं मला वाटत होतं. मग गेल्या महिन्यात दुपारी एक म्हातारा काठी टेकत दुकानात आला, बरोबर चौदा-पंधरा वर्षांची नात, तिच्या हातात नव्या लॅपटॉपचं खोकं. मी आवाजावरूनच ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. "रिकामा हाय," ते म्हणाले, "यात काय ते घालून द्या." मी पोरीला विचारलं, "तुला काय हवंय?" ती म्हणाली, "लिनक्स. आमच्या शाळेतल्या मॅडम म्हणतात उघडून बघता येतं." मी पेनड्राईव्ह लावला. आता वीस मिनिटं लागतात, ना घर्र ना ढोल. म्हातारा खुर्चीत बसून माझ्याशी बोलत होता, की तो एके काळी सगळ्या तालुक्याला कंप्युटर देत होता. मी हुं हुं करत होते. शेवटचा प्रश्न आला. नाव काय, पासवर्ड काय. सर उठून जवळ आले. "पासवर्ड मी ठेवतो," ते म्हणाले, "पोरं बिघडवत्यात."

पोरीनं जमिनीकडं बघितलं. माझे कान तापले. इतकी वर्षं गेली आणि एक शब्द बदलला नव्हता. मी लॅपटॉप उचलला, पोरीच्या मांडीवर ठेवला, तिचं तोंड भिंतीकडं वळवलं. "टाक तू," मी म्हणाले. सर म्हणाले, "आवं मॅडम, पण..." मी म्हणाले, "सर, मेंढरं राखायच्या हातात माऊस टिकला. हिच्याबी टिकंल. तुमी वाईच सरका." ते माझ्याकडं बघत राहिले. हळूहळू त्यांना कळत गेलं, आणि ते कळताना मी नजर हटवली नाही. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

पोरीनं डावा हात आडवा धरला, वाऱ्यात दिव्याला धरतात तसा, हुबेहूब आजोबांसारखा, आणि त्याच्या आड पासवर्ड टाकला. लॅपटॉप उघडला. दाराबाहेर पडताना सर तिला हळू आवाजात विचारत होते, "काय ठेवलास गं?" तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "न्हाई सांगत, आजोबा."